दुसऱ्या लाईनवरनं आलेलं पॅकेट पहिल्या लाईननं का जातं?

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमचं हळदीच्या अडतीचं ऑफिस आहे, तिथला उबंटू सर्व्हर मी बघतो. सर्व्हरला दोन लॅन कार्ड, नावं ईनो१ न ईनो२. ईनो१ वर १९२.१६८.१.१०, ईनो२ वर १९२.१६८.२.१०, दोन्हीकडं वेगळ्या कंपनीचा राउटर न इंटरनेट. ईनो२ ला पण डिफॉल्ट गेटवे (इंटरनेटकडं जायचा ठरलेला राउटर) दिलाय, मेट्रिक (रस्त्याच्या पसंतीचा आकडा, कमी तो आधी) जास्त ठेवून. दोन्ही राउटरवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरनं आलेली विनंती सर्व्हरकडं वळवणं) केलंय. तासगावच्या ऑफिसातनं पहिल्या लाईनवर हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडतं, दुसऱ्या लाईनवर नुसतं फिरत बसतं. राउटर बदलून पाहिला, फरक नाही. काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग

उत्तर : राउटर परत जागेवर लावा, त्याचा काही दोष नाही. लिनक्स उत्तर पाठवताना फक्त एवढंच बघतो की पॅकेट (डेटाचा तुकडा) कुणाकडं जायचंय, ते कुठल्या कार्डावरनं आलं होतं हे तो लक्षातच ठेवत नाही. तासगावचा पत्ता इंटरनेटवरचा, म्हणजे त्याला डिफॉल्ट रूट (डिफॉल्ट गेटवेचा रस्ता) लागतो, आणि दोन डिफॉल्टमध्ये कमी मेट्रिकवाला जिंकतो, त्यामुळं उत्तर ईनो१ नं बाहेर पडतं. तासगावच्या कॉम्प्युटरला ते भलत्याच आयपीवरनं मिळतं, मग तो ते घेईलच कशाला? मेट्रिकमुळं दुसरी लाईन फक्त पहिलीचा रूट गेला तर कामाला येते, दोन्ही एकदम चालाव्यात यासाठी मेट्रिक नाहीच.

आधी खात्री करा. दोन्ही कार्डांवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावून तासगावला पेज उघडायला सांगा. ईनो२ वर विनंती येताना दिसली आणि ईनो१ वरनं उत्तर जाताना दिसलं तर वर सांगितलं तेच झालंय. विनंती दिसते पण उत्तर कुठंच नाही, असं असेल तर बहुतेक आरपी फिल्टर (पॅकेट आलं त्याच कार्डावरनं उत्तराचा रस्ता आहे का हे तपासणारं लिनक्सचं सेटिंग) १ वर आहे, तो पॅकेट गुपचूप टाकून देतो (टीसीपीडंप त्याच्या आधी बघतो म्हणून तुम्हाला ते आलेलं दिसतं). या सेटिंगच्या ऑलची (सगळ्या कार्डांसाठीची) आणि त्या कार्डाची अशा दोन किमती असतात, त्यातली मोठी लागू होते, म्हणून दोन्ही बघा.

उपाय दोन्हीला एकच, वेगळं टेबल (रस्त्यांची वेगळी यादी). टेबल २०० मध्ये डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.२.१ डेव्ह ईनो२ टाका (१९२.१६८.२.१ म्हणजे दुसऱ्या राउटरचा पत्ता) आणि कुठलं टेबल कधी वापरायचं ते सांगणारा रूल द्या, फ्रॉम १९२.१६८.२.१० टेबल २००. रूल नीट बसला की आरपी फिल्टर १ वर असला तरी अडवत नाही, कारण तोही उलटा रूट शोधताना हेच रूल वापरतो. आरपी फिल्टर सरसकट बंद करा असा सल्ला सगळीकडं मिळतो, तुमच्या केसमध्ये त्याची काही गरज नाही.

बहुतेकजण इथं एक गोष्ट विसरतात. टेबल २०० मध्ये नुसता डिफॉल्ट ठेवला तर ऑफिसातल्याच १९२.१६८.१ वाल्या पीसीवरनं कुणी १९२.१६८.२.१० उघडलं की उत्तर राउटरकडं जातं न ते काम बंद पडतं, म्हणून दोन्ही लोकल नेटवर्कचे रूट त्या टेबलात पण टाकाच. मग आयपी रूट गेट ८.८.८.८ फ्रॉम १९२.१६८.२.१० चालवा, ईनो२ दिसायला पाहिजे. ईनो१ च दिसत असेल तर आयपी रूल शो बघा, यादीत तुमचा रूल मेनच्या (नेहमीच्या टेबलाच्या) रूलच्या आधी, म्हणजे ३२७६६ पेक्षा कमी नंबरवर, आहे का ते.

हे सगळं रीबूटला उडतं, त्यामुळं नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाईलीत टेबलातले रूट न राउटिंग पॉलिसी म्हणून रूल लिहा आणि अप्लाय करण्याआधी नेटप्लॅन ट्राय ही कमांड चालवा, कनेक्शन तुटून तुम्हाला एंटर मारता आलं नाही तर १२० सेकंदांनी जुनं सेटिंग परत येतं. तरी पहिल्यांदा सर्व्हरसमोर बसूनच करा, आवकेच्या दिवसात तर नकोच.

आणि सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात, स्वतःच्या आतल्या आयपीसह) चालत असेल तर वरचा रूल लागणार नाही, कारण रूट ठरताना उत्तराचा सोर्स कंटेनरचा आतला आयपी असतो, १९२.१६८.२.१० नाही. तिथं कनेक्शनला मार्क (ओळखीची खूण) लावून मार्कवर रूल करावा लागतो आणि आरपी फिल्टरही २ वर आणावा लागतो. त्यापेक्षा कंटेनर होस्ट नेटवर्कवर (थेट सर्व्हरच्या आयपीवर) चालवा, मग वरचाच रूल चालतो.