कडी लाव

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पोचली. मधोमध रेघ, डावीकडे ‘गेले असते तर’, उजवीकडे ‘राहिले म्हणून’. डावीकडे सतरा मुद्दे, उजवीकडे नऊ, आणि सगळ्यांत खाली रात्री दोनला लिहिलेला प्रश्न: “बाई, मी चुकले का?”

आधी पोटात कालवलं, मग राग आला. दोन्ही खरं, म्हणून दोन्ही लिहिते.

रेघ मारून दोन रकाने करायची युक्ती जुनीच आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७७२ साली ती जोसेफ प्रीस्टलीला पत्रातून शिकवली होती. (हाच तो प्रीस्टली, ज्याचा ऑक्सिजन मी तुम्हाला आठवीत शिकवला.) नोकरीची एक संधी घ्यावी की नको, असा त्याचा पेच होता. फ्रँकलिनने कळवलं, काय ठरवावंस ते सांगू शकत नाही, कसं ठरवावंस ते सांगतो. तीन-चार दिवस सुचतील तसे मुद्दे दोन्हीकडे लिही, सारख्या वजनाचे खोडत जा, शेवटी उरेल त्यावरून ठरव. पद्धत चांगली आहे. पण अगं, ती ठरवायच्या आधी वापरायची! संशोधनाची जागा नाकारून तू नोकरी धरलीस त्याला दोन वर्षं झाली. आता या यादीचं तू करणार काय?

आणि ते रकाने तरी बघ. उजवीकडचं सगळं तू जगलेली आहेस. परतायला होणारा उशीर, वरिष्ठांची कुरकुर, तिसऱ्यांदा बदलायला लावलेला अहवाल. डावीकडचं नुसतं मनातलं. ‘आवडीचं काम’, ‘मोकळं डोकं’, ‘माझ्यासारखी माणसं’. त्या रकान्यात कुणाला साधी सर्दी होत नाही, तिथे सोमवार उगवत नाही. त्याच्याशी खरं आयुष्य कसं टिकणार?

म्हणून सांगते, निवड झाली ना, आता दाराला कडी लाव. दार नुसतं ओढून घेऊन चालत नाही. कडी.

तू म्हणशील, माणसाला केलेल्यापेक्षा न केलेल्या गोष्टींचा पस्तावा जास्त होतो, असं संशोधन आहे. आहे, तूच मला पाठवलंस, टॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांचं, १९९४-९५ मधलं. नीट वाचलंस का पण? नुकतंच घडलेलं असेल तर माणसं केलेल्या गोष्टींवरून हळहळतात. सगळं आयुष्य मागे वळून पाहताना मात्र न केलेलं सलतं. का, तेही त्यांनी सांगितलंय. केलेल्या चुकीचं बिल येतं, कुरकुरत का होईना भरलं जातं, विषय मिटतो. न केलेल्याचं बिल कधी येतच नाही, त्यामुळे आकडा वाटेल तेवढा फुगवता येतो. दुसरं कारण मला जास्त पटलं. काळ जाईल तशी ‘मला ते जमलं असतं’ ही खात्री वाढत जाते. तेव्हा ज्या भीतीने हात थरथरत होते ती भीती नंतर आठवतच नाही.

माझंच घे. मी खोडांच्या छेदांवर काम करत होते. मेणात बसवलेलं खोड कापायचं, फितीसारखे निघालेले पापुद्रे काचेवर घ्यायचे, सॅफ्रानिन आणि फास्ट ग्रीनने रंगवायचे. काष्ठ लाल दिसतं, मऊ पेशी हिरव्या. चार वर्षांनी सोडलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की, आणखी दीड वर्षात प्रबंध झाला असता. मग एकदा आवराआवरीत तेव्हाची वही हाती लागली. पानामागून पान ‘छेद फाटला’, ‘छेद फाटला’, ‘मेण तडकलं’, आणि एका पानावर तारखेपुढे नुसतंच ‘पुन्हा’. म्हणे दीड वर्षात! ती वही लिहिणाऱ्या मुलीला कुणी हे सांगितलं असतं तर ती रडता रडता हसली असती.

तरी मी पळाले नाही, हे ध्यानात ठेव. माझं पहिलं प्रकरण मार्गदर्शकांच्या टेबलावर सात महिने न वाचता पडून होतं. विचारलं की म्हणायचे, “घाई कसली आहे?” मला पगाराची घाई होती. शाळेत जागा निघाली, मी विचार करून घेतली. पळाले नाही. (हे वाक्य मी गेली तीसेक वर्षं म्हणते आहे आणि दर वेळी जरा मोठ्याने म्हणते, हे तुझ्या नजरेतून सुटायचं नाही.)

चूक सोडण्यात नव्हतीच. चूक झाली ती नोंदणी चालू ठेवण्यात. दर वर्षी मुदतवाढीचा अर्ज, दर वर्षी शुल्क, आणि काचांचा डबा कपाटाच्या वरच्या खणात. अकरा वर्षं! त्या अकरा वर्षांत मी शिकवलं ते एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. मुलांची नावंसुद्धा धड लक्षात ठेवली नाहीत, कारण पुढच्या वर्षी मी तिथे नसणारच होते ना. त्या काळातले वर्गाचे फोटो काढून बसते कधी कधी. पुढे बसलेली चार-पाच ओळखू येतात. मागे उभी असलेली रांगच्या रांग मला अनोळखी आहे, आणि ती सगळी मुलं माझ्याकडे बघताहेत. पस्तावा कशाचा विचारशील तर त्या रांगेचा. प्रबंधाचा नाही.

हार्वर्डच्या डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. छायाचित्रण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्वतःची दोन छायाचित्रं छापली. एक ठेवायचं, एक देऊन टाकायचं. काहींना सांगितलं, मन बदललं तर काही दिवसांत बदलून मिळेल. काहींना सांगितलं, दिलं ते गेलं. ज्यांना बदलायची सोय नव्हती त्यांनाच आपलं छायाचित्र पुढे जास्त आवडलं. आणि निवडायला सांगितलं तर माणसं बदलायची सोयच मागून घेतात! निवृत्तीनंतर हे वाचलं तेव्हा मी त्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, ‘अकरा वर्षांचं शुल्क’.

बाराव्या वर्षी अर्ज केला नाही. डबा शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवला. तोवर काचांवर छेद चिकटवणारी राळ, कॅनडा बाल्सम, मधासारखी पिवळी पडली होती. त्यातलीच एक काच तू नववीत सूक्ष्मदर्शकाखाली धरलीस आणि अख्खा तास उठली नाहीस. मागच्या बाकावरची चार मुलं ताटकळली. तेव्हा हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी घातलं ते मला पक्कं ठाऊक आहे. पत्रात चिडचिड जास्त झाली असेल तर ती त्यामुळे.

आता बाई मला जाऊ नकोस म्हणताहेत, असा अर्थ काढलास तर कान धरीन. जायचं तर जा. प्रवेश पुन्हा मिळवता येतो, एकदा मिळवला आहेस. पण मग नोकरीचा राजीनामा देऊन जा, बिनपगारी रजेवर टांगून नको. राहायचं तर राहा, आणि मैत्रिणीच्या प्रयोगशाळेचे फोटो रात्री दोनला बघणं बंद कर. दोन्हीतलं काहीही कर, मी भांडणार नाही. कडी लावली नाहीस तर मात्र भांडेन.

यादी सोबत परत पाठवते आहे. महिनाअखेरीपर्यंत एका शब्दात उत्तर हवं, ‘जाते’ किंवा ‘राहते’. कारणं नकोत. सव्वीसच्या सव्वीस वाचून झाली.

तुझ्या बाई

ता. क. डबा पंचवीस काचांचा होता. शाळेला चोवीस दिल्या. पंचविसावी माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्यावर तू काही लिहू नकोस.