'बानित्सा', 'बानिका' की 'बानिचा'?

बल्गेरियातल्या पदरापदरांच्या, चीज घालून भाजलेल्या एका पदार्थाचे नाव मराठीत कोणी 'बानिका' लिहितो, कोणी 'बनित्सा'. त्यांतले बरोबर कोणते आणि शब्दाचा मूळ अर्थ काय, असा प्रश्न आहे.

'बानिका' हे रूप निखालस चुकीचे आहे. काही स्लाव्ह भाषांच्या रोमन लिपीत 'सी' या अक्षराचा उच्चार 'त्स' होतो, तो इंग्रजीच्या सवयीने 'क' वाचल्यामुळे हे रूप आले. बल्गेरियन भाषेची लिपी सिरिलिक असून तीत 'त्स'साठी स्वतंत्र अक्षर आहे, आणि आघात पहिल्या अक्षरावर असल्याने 'बनित्सा'पेक्षा 'बानित्सा' मूळ उच्चाराला जवळचे ठरते. खरे तर हा ध्वनी म्हणजे आपल्या 'चाक'मधला दंततालव्य 'च'च आहे. पण 'बानिचा' असे लिहिले, तर वाचणारा षष्ठीचा प्रत्यय समजून 'बानिचा कोण?' असे विचारील.

व्युत्पत्ती अधिक रंजक आहे. 'घडी घालणे, दुमडणे' या अर्थाच्या जुन्या स्लाव्ह धातूपासून 'गबानित्सा'सारखे रूप झाले आणि त्यातले पहिले अक्षर बल्गेरियनमध्ये गळून पडले. सर्बिया, क्रोएशिया आणि स्लोव्हेनियातल्या 'गिबानित्सा' या नावात ते अजून शाबूत आहे. गंमत अशी की 'दुमडणे' यासाठीच्या आजच्या बल्गेरियन क्रियापदात 'ग' टिकला, पण 'ब' गेला. त्यामुळे क्रियापद आणि पदार्थ शेजारी ठेवले, तरी नाते चटकन दिसत नाही. म्हणजे बानित्सा हे नाव सारणावरून नव्हे, कृतीवरून पडले आहे. पिठाच्या पातळ पापुद्र्यांना तिथे 'कोरी' म्हणतात, ज्याच्या एकवचनाचा, 'कोरा'चा, एक अर्थ झाडाची साल असाही आहे. या कोरींवर तूप किंवा तेल शिंपडायचे, अंडी आणि कुस्करलेले 'सिरेने' नावाचे चीज पसरायचे, मग गुंडाळ्या करून त्या ताटलीत चकलीसारख्या वळवत लावायच्या.

'पनीर पेस्ट्री' हे भाषांतर मला मान्य नाही, कारण सिरेने हे मिठाच्या पाण्यात मुरवलेले खारट चीज असते आणि आपले पनीर अळणी. चिरोट्याला पदर सुटतात तसे याला सुटतात, एवढे सांगितले की मराठी वाचकाला चित्र दिसते. नाव मात्र मूळचेच ठेवावे.

लिंगाबद्दल: बल्गेरियनमध्ये शब्द स्त्रीलिंगी असला, तरी मराठीत 'पिझ्झा', 'पास्ता' यांच्या पंगतीत तो पुल्लिंगीच रुळेल. 'बानित्सा खाल्ला' आणि, 'बानित्स्याचा' जिभेला जड जात असल्याने, 'बानित्साचा तुकडा' असे म्हणावे.

नववर्षाच्या बानित्सात भविष्याच्या चिठ्ठ्या किंवा कळ्या असलेल्या काटक्या लपवतात, त्यांना 'कस्मेती' म्हणतात. अरबीतून तुर्कीमार्गे तिथे पोहोचलेला हा शब्द म्हणजे फारसीमार्गे आपल्याकडे आलेली 'किस्मत'च होय.