झिपोच्या तळाशी रोमन सोळा आहे, म्हणजे तो 2016 चा का?

तुमचा प्रश्न असा : वडिलांच्या कपाटात ड्रॅगन कोरलेला झिपो लायटर सापडला. तळाशी उजवीकडे रोमन सोळा, डावीकडे इंग्रजी 'ई'. सोळा म्हणजे 2016, पण चिनी पंचांगात प्रत्येक वर्ष एका प्राण्याचं असतं आणि ते तर माकडाचं, ड्रॅगनचं नव्हे. मग माल नकली का?

एवढ्यावरून नकली ठरवू नका. तो सोळा 2000 सालचा आहे. झिपोनं 1986 मध्ये तळावर रोमन आकडे छापायला घेतले ते दोनपासून. तीन म्हणजे 1987, चार म्हणजे 1988. मोजत जा, सोळा बरोब्बर 2000 ला येतो. 2001 पासून साधे आकडे आले, म्हणजे 2016 च्या लायटरवर सरळ 16 असतं. डावीकडचं अक्षर महिन्याचं. ए जानेवारी, तर ई मे. आणि ड्रॅगनचं वर्ष 5 फेब्रुवारी 2000 ला लागलं होतं. गणित जुळतंय.

पण शिक्का काय, नकली माल बनवणाराही मारतो. मी स्वतः जुन्या बाजारात असाच फसलोय. शिक्का झकास, घासाघीस करून घेतला, घरी येऊन आतला भाग ओढला तर काडेपेटीच्या खणासारखा सर्रकन हातात! अस्सल झिपोत तो घट्ट बसतो, नखानं धरून ओढावा लागतो. वातीभोवतीच्या जाळीला दोन्ही बाजूंना आठ-आठ भोकं असतात, तीही मोजा. आतल्या भागावरही साल असतं. ते वेगळं निघालं तर दचकू नका. बिघडलेला लायटर झिपो फुकट दुरुस्त करते, तेव्हा आतला भाग कधी कधी बदलूनच येतो.

मात्र नुसता ड्रॅगन आहे म्हणून तो राशीवर्षाचा खास लायटर ठरत नाही. ड्रॅगन ते एरवीही छापतात. मूळ खोका शोधा, भाव त्याच्यावर बराच ठरतो.

पितळी असला तरी चिंच-मीठ लावून घासू नका, कोरीवकामातला काळेपणा गेला की चित्रच मरतं. कधी पेटवलेलाच नसेल तर आता पेटवूही नका, जाळीवर काजळी धरते. आणि विमानात नेऊ नका, आपल्याकडे हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि मोठ्या सामानातही नाही.

वडिलांचा जन्म 1952 किंवा 1964 चा आहे का? तीही ड्रॅगनचीच वर्षं. असेल तर कुणीतरी मुद्दाम दिलेला असू शकतो. आपल्या जन्मवर्षाच्या प्राण्याचं वर्ष पुन्हा आलं की ते जड जातं अशी चिनी समजूत आहे, आपल्या साडेसातीसारखी. त्या वर्षी लाल कपडे घालतात, जपून राहतात. फक्त जन्म जानेवारीतला असेल तर तारीख नीट बघा, तो बहुतेक आदल्या प्राण्यात जातो.