दोनशेच्या पुस्तकातले पंधरा रुपये

प्रिय बाळा,

ख्रिस्तात सलाम.

सदर भागातल्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेनंतर आपल्या प्रकाशनाच्या पुस्तकाचं टेबल लावलंत, दीडशे प्रती गेल्या, तीस हजार रुपये हातात आले आणि ते तसेच्या तसे मुलींच्या वसतिगृहाला द्यायचे असं तुझ्या मनात आहे. मन चांगलं आहे, पण एवढ्यात देऊ नकोस. त्या तीस हजारांत प्रेसचं बिल आहे, लेखकाचं मानधन आहे, पुढच्या आवृत्तीचा कागद आहे. पुस्तकं चांगली खपत असतानाही प्रकाशन बसतं ते याच चुकीनं. विक्रीचा सगळा पैसा सत्कार्यात जातो, वर्षभरानं लोक तेच पुस्तक मागतात, तेव्हा छापायला पैसा नसतो. मग पुस्तकही थांबतं आणि मुलींची मदतही. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं लूकच्या शुभवर्तमानात आहेच. तसंच बसू या.

समजा, डेमी आकाराचं (साधारण साडेपाच × साडेआठ इंच) 176 पानांचं पुस्तक आहे, किंमत ₹200, प्रती 1,000. 18 × 23 इंचांच्या एका तावात दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं बसतात. तो एक फॉर्म. 176 पानांना अकरा फॉर्म, म्हणजे हजार प्रतींना 11,000 ताव, पाचशेच्या हिशेबानं 22 रीम. छपाईत वाया जातो त्यासाठी एक रीम जास्त धर. हे गणित पाठ असू दे, कारण मजकूर 180 पानांवर गेला की बाराव्या फॉर्मला हात लागतो आणि प्रेसवाला त्याचे पैसे लावतो. ती चार पानं मुद्रितशोधनाच्या वेळी सहज आवरता येतात, छपाईच्या प्लेटा निघाल्यावर नाही.

आता पैसे. एक प्रत प्रेसमधून ₹42 ला पडली असं धरू, म्हणजे ₹42,000. अक्षरजुळणी, मुद्रितं आणि मुखपृष्ठ यांचे ₹15,000. एकूण ₹57,000. हजारांतल्या पन्नास प्रती लेखकाला, परीक्षणाला आणि कायद्यानं ठरवलेल्या चार ग्रंथालयांना जातील. पहिल्या वर्षी दीडशे शिल्लक राहतील. उरल्या 800. त्यातल्या 300 दुकानदारांकडून 40 टक्के सवलतीनं गेल्या तर ₹36,000. मंडळ्यांच्या टेबलांवरून 400 प्रती 20 टक्के सवलतीनं, ₹64,000. टपालानं थेट 100 प्रती पूर्ण किमतीला, ₹20,000. जमा ₹1,20,000. त्यातून छपाईचे ₹57,000, विकलेल्या प्रतींच्या छापील किमतीवर दहा टक्के मानधनाचे ₹16,000, भाडं-पगार-पॅकिंगचा वाटा ₹20,000 वजा कर. उरले ₹27,000. पुढच्या आवृत्तीला कागद महाग होईल त्याचे ₹6,000 आणि बुडणाऱ्या उधारीचे ₹3,000 बाजूला ठेव. हातात राहिले ₹18,000, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे साडेबावीस रुपये. आकडे तुझ्या प्रेसच्या कोटेशनप्रमाणे बदल, रीत बदलू नकोस. छपाईचे वसूल झालेले ₹57,000 ही पुढची आवृत्ती आहे. तो पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेव म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.

म्हणून पुस्तकात ‘सर्व उत्पन्न गरिबांसाठी’ असं छापू नकोस. ते खरं ठरणार नाही. प्रकाशकाचा पत्ता असतो त्या पानावर स्पष्ट लिही: ‘विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे ₹15 मुलींच्या वसतिगृहाला’. साडेबावीस निघत असताना पंधराच का, तर एखाद्या वर्षी विक्री थोडी कमी झाली तरी शब्द पाळता आला पाहिजे. वर उरेल ते वर्षअखेरीला जास्तीचं दे. ‘नफ्याचा अमुक टक्के’ हाही शब्द टाळ. नफा किती हे वाचकाला कळत नाही, विकलेल्या प्रती मात्र कुणीही मोजू शकतो. 800 प्रतींचे ₹12,000 होतात, महिन्याला हजार. वसतिगृहाच्या बाईंना विचार की महिन्याला बरोबर हजारात काय बसतं: दोघी-तिघींचं बसभाडं, वह्या, परीक्षेची फी. एक गोष्ट ठरव आणि वर्षभर तीच चालव.

उधारीवर नजर ठेव. दुकानदार माल ‘विकला नाही तर परत’ या बोलीवर घेतो आणि पैसे तीन-तीन महिन्यांनी देतो. दिलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे. पैसे जमा होतील त्या दिवशीच ते पंधरा रुपये मोज. मालाच्या चलनावर प्रती, सवलत आणि परतीची तारीख लिहून सही घे. मंडळीतल्या टेबलाचंही तसंच: जाताना किती नेल्या, येताना किती आणल्या, रोख किती, यूपीआयनं किती, आणि खाली दोघांच्या सह्या. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल वर्गणी पोचवायला एकट्याला पाठवत नाही, सोबत माणसं देतो, कुणी बोट दाखवू नये म्हणून.

टपालाचं बघ. मे 2025 मध्ये टपाल खात्यानं पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं. तेव्हाचे दर 300 ग्रॅमपर्यंत ₹20 आणि पाच किलोला ₹100, कर वेगळा. 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदावरचं आपलं 176 पानांचं पुस्तक कव्हरसकट साधारण 205 ग्रॅम भरतं, खोक्याचा पुठ्ठा गुंडाळूनही अडीचशेच्या आत. तेच 256 पानांचं केलंस तर नुसतं पुस्तक 290 च्या आसपास जातं, वेष्टनासह पुढच्या दरात पडतं. पानसंख्या ठरवतानाच तराजू जवळ असू दे.

गोदामाची हयगय करू नकोस. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसावर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये रचलेल्या गठ्ठ्यांतल्या खालच्या प्रतींचा पाठीचा डिंक नरम होऊन पानं सुटतात, लॅमिनेशन वळतं. पावसाळ्यात भिंतीला टेकलेला गठ्ठा ओल धरतो आणि वाळवी तिथूनच चढते. जमिनीपासून अर्धा फूट उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर, आणि गठ्ठा कमरेच्या वर नको. ओलं झालेलं किंवा न खपलेलं पुस्तक ‘मदत’ म्हणून वसतिगृहात पाठवू नकोस. मुलींना वह्या लागतात.

हिशेबाबाबत थोडक्यात, बाकी सीए सांगेल. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, पण म्हणूनच प्रेसच्या बिलावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही. तो खर्चात धर. नाताळात काढाल ती डायरी, कॅलेंडर, ग्रीटिंग कार्डं यांना मात्र कर लागतो. ट्रस्टच्या वह्यांत पुस्तकविक्रीचं खातं पूर्ण वेगळं हवं, नाहीतर आयकराची सूट अडचणीत येते. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो असा: कुणी पाचशेची नोट देऊन पुस्तक घेतं आणि ‘बाकीचे राहू द्या’ म्हणतं. त्याला दोन कागद दे, ₹200 चं बिल आणि ₹300 ची देणगी पावती. पुस्तकाच्या किमतीवर ‘80-जी’ ची, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी, पावती देता येत नाही. आणि ₹2,000 च्या वरच्या रोख देणगीवर देणाऱ्याला ती सूट मिळत नाही, हे त्याला आधीच सांग.

वसतिगृहात मुलगी कोणत्या धर्माची हे विचारायचं नाही. बसभाड्याच्या पाकिटात धर्मप्रचाराची पत्रिका घालायची नाही, फोटो काढून पुढच्या पुस्तकाच्या जाहिरातीला वापरायचा नाही. ज्याला वाचायचं आहे तो टेबलाशी येऊन स्वतः विकत घेतो. मदत आणि पुस्तक या दोन गोष्टी हिशेबात जोडलेल्या असू देत, मुलीच्या हातात नको.

पंडिता रमाबाईंचं इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये अमेरिकेत निघालं आणि त्याच्या विक्रीचा पैसा त्यांच्या कामाला लागला. पण 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी उघडलेलं शारदा सदन नुसत्या त्या पुस्तकावर चाललं नाही. बोस्टनमध्ये त्याच काळात स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षं मदत करायचं कबूल केलं होतं. पुस्तकानं लोकांना काम कळलं, काम चाललं ते ठरलेल्या वर्गणीवर. तूही प्रत्येक पुस्तकात एक छोटं कार्ड घाल: ‘महिन्याला ₹100, वर्षभर’. आठशे वाचकांतल्या दहांनी जरी भरून पाठवलं तरी ₹12,000 होतात, म्हणजे सगळ्या पुस्तकातून निघाले तेवढेच.

आता शनिवारी गोदामात बसून शिल्लक प्रती हातानं मोज, वहीतल्या आकड्यावर जाऊ नकोस. फरक किती निघाला ते लिहून पाठव, आणि दुकानदारांकडची थकबाकी तारखेसकट.

तुझा,
काका