वाचकांचे प्रश्न : तोफेपेक्षा सोरा महाग

फोंड्याच्या किल्ल्यावरच्या लेखानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विषय आहे : गोव्याचे फिरंगी शेजारच्या राजांना शस्त्रे पुरवत होते का, आणि पुरवत असतील तर कशाच्या बदल्यात? त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

शिवाजी महाराजांना पोर्तुगीजांनी मदत केली असे आमच्याकडे काही जण सांगतात. दुसरे म्हणतात, त्यांनी आदिलशहालाच मदत केली. खरे काय? — एक वाचक, फोंडा

तुमच्याच गावचे उदाहरण घेऊ. एप्रिल-मे 1675 मध्ये महाराजांनी फोंड्याला वेढा घातला. किल्ला आदिलशाहीचा होता, किल्लेदार महंमदखान. फोंडा पडला तर मराठे थेट आपल्या सीमेला भिडणार, या धास्तीने गोव्यातून दहा होड्या भरून रसद आणि थोडी माणसे गुपचूप किल्ल्याकडे निघाली. मराठ्यांनी त्या वाटेतच पकडल्या. विजरईने (गोव्याच्या पोर्तुगीज राज्यपालाने) हात झटकले : आम्हाला यातले काही ठाऊक नाही.

हे हात झटकणे तेव्हाच्या शस्त्रव्यवहाराचा अर्धा भाग होता. उघड मदत केली की दुसरा शेजारी चालून येई. गोव्याला आदिलशाही आणि मराठे, तर उत्तरेत दमण-वसईला मोगल खेटून. त्यामुळे तहात मैत्रीची कलमे घालायची, दारूगोळ्याबद्दल मौन पाळायचे आणि जे जायचे ते रात्रीच्या होडीतून, ही रीत पडली.

उघडपणे वागले की काय होते, ते इंग्रजांनी अनुभवले. 1660 मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळा वेढला, तेव्हा राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन उखळी तोफ आणि गोळे घेऊन तिथे गेला आणि आपले निशाण लावून त्याने किल्ल्यावर मारा केला. नुसता माल विकला असता तर कदाचित भागले असते, पण निशाणामुळे नाकबूल करायला जागाच उरली नाही. 1661 मध्ये महाराजांनी राजापूर लुटले, वखारीतले इंग्रज कैद केले, आणि शेवटचे कैदी 1663 मध्ये सुटले. पुढे महाराजांनी मुंबईच्या इंग्रजांकडे उखळी तोफा आणि गोळे मागितले, तेव्हा इंग्रजांनी राजापूरच्या नुकसानभरपाईचा विषय पुढे केला. सुरतेची वखार मोगलांच्या हद्दीत असल्याने ना धड होकार, ना धड नकार. भरपाईचा 10,000 होनांचा आकडा ठरला तो 1674 मध्ये, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा.

विजयनगरशी झालेल्या 1547 च्या तहात घोडे आणि कापड आहे, मग त्याला शस्त्रांचा तह का म्हणता? — एक शिक्षिका, मडगाव

कारण त्या काळी घोडा हेच शस्त्र होते. दख्खनच्या हवेत चांगली पैदास होत नसे, म्हणून अरबी-इराणी घोडा इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझकडून समुद्रमार्गे आणावा लागे, आणि 1510 नंतर त्या वाटेचे दार गोव्यात होते. विजयनगरात राहिलेला घोड्यांचा व्यापारी फेर्नाँव नुनिश लिहितो की राजा नरसिंह हजार पर्दावांना (सोन्याच्या नाण्यांना) तीन घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. वाटेत मेलेल्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी पैसे मिळत. यात उदारपणा शोधू नये. प्रवासातली मर खरेदीदाराने अंगावर घेतल्याशिवाय व्यापारी जनावर गलबतावर चढवायलाच तयार होत नसे.

19 सप्टेंबर 1547 चा तह गव्हर्नर झुआँव द काश्त्रु आणि विजयनगर यांच्यात झाला. तेव्हा गादीवर सदाशिवराय, कारभार रामरायाकडे. गोव्यात उतरणारे घोडे विजयनगरला मिळावेत, आदिलशहाला एकही जाऊ नये, हे मुख्य कलम. वर्गात मात्र त्याच्या शेजारचे कलम वाचून दाखवा : विजयनगरने सोरा (बंदुकीच्या दारूतला मुख्य क्षार) आणि लोखंड आदिलशाही बंदरांकडे जाऊ न देता अंकोला-होन्नावरकडे वळवायचे आणि गव्हर्नराने तिथे तो माल विकत घ्यायचा, म्हणजे व्यापाऱ्याला तोटा नाही. एकाच तहात शत्रूचे घोडदळही आटवायचे आणि दारूही. कापडाचे कलम याच बंदरांना माल आणि गिऱ्हाईक मिळावे म्हणून आहे. त्याच्या बदल्यात गोव्याकडून तांबे, पोवळे, हिंगूळ, पारा आणि चिनी रेशीम जायचे.

धर्माची अडचण कशी सुटली, हेही सांगायला हवे. ख्रिस्ती माणसाने मुसलमान सत्तांना शस्त्रे, घोडे, लोखंड विकले तर बहिष्कार, असा पोपचा हुकूम होता आणि तो दरवर्षी पुण्य गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, वाचला जाई. विजयनगरचा राजा पोर्तुगीजांच्या भाषेत ‘जेंतियु’, म्हणजे हिंदू. तो या हुकमात बसत नव्हता.

तह फसला तो वर्षभरात. काश्त्रु जून 1548 मध्ये वारला आणि त्याच्यानंतरच्या गार्सिया द सा याने त्याच वर्षी आदिलशहाशीही तह करून टाकला. शिवाय घोड्यांवरची जकात हे गोव्याचे मोठे उत्पन्न. एकच गिऱ्हाईक ठेवले की भाव तोच ठरवणार, हे गोव्याच्या जकातदारांना कळत नव्हते असे थोडेच!

पणेलीला ‘काझा द पॉलव्हरा’ म्हणजे बंदुकीच्या दारूचा कारखाना होता. इथे दारू होत असताना राजे सोऱ्यासाठी का भांडत? — एक वाचक, रायबंदर

बंदुकीची दारू तीन जिनसांची : सोरा, कोळसा, गंधक. पुढे स्थिरावलेले प्रमाण शंभरात 75, 15 आणि 10. म्हणजे तीन चतुर्थांश नुसता सोरा, आणि गोव्याच्या धुवट लाल मातीत तो मिळत नाही. तो घाटावरच्या कोरड्या मुलखातून यायचा. कोळसा कुठल्याही हलक्या लाकडाचा चाले. बंदुका आणि तोफा वर्षानुवर्षे टिकतात, दारू दर लढाईला नवी लागते. म्हणून ज्याच्या हाती सोऱ्याची वाट, त्याच्या हाती शेजाऱ्याचा तोफखाना.

माती पाण्यात भिजवून, ते पाणी गाळून आटवायचे. गरम पाण्यात सोरा भरपूर विरघळतो आणि निवले की त्याचे खडे बसतात. मीठ गरम-थंड दोन्ही पाण्यात जवळजवळ सारखेच विरघळत असल्याने ते पाण्यातच राहते. हे दोन-तीनदा केले नाही तर मिठाचा अंश उरतो आणि तो हवेतले पाणी ओढतो. पावसाळ्यात अशा दारूचा चिखल होतो, पेटवली तर फुसफुसते. बिघडलेल्या दारूला ‘फितुरीची दारू’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. निम्म्या वेळा दोष कढईचा असावा.

दुसरा बिघाड वाहतुकीतला. तिन्ही जिनसांची नुसती पूड पिंपात भरून बैलावर घातली तर हिसक्यांनी थर वेगळे होतात. त्यावर उपाय म्हणजे मिश्रण ओलसर करून चाळणीतून दाणे पाडायचे आणि वाळवायचे. तरीही कोठीतली पिंपे अधूनमधून उलटी करावी लागत. आत लोखंडी हत्यार नको. लाकडाचे किंवा तांब्याचे, ठिणगी न पाडणारे.

जामगीचा हिशेबही करून पाहा. बंदूक डागण्यासाठी पेटती ठेवलेली, सोऱ्याच्या पाण्यात भिजवलेली ही दोरी तासाला साधारण अर्धी वीत जळते. हजार बंदूकवाले बारा तास पहाऱ्यावर, प्रत्येकाची एकच टोक पेटलेली जामगी, तर माणशी सहा विती, एकूण सव्वा किलोमीटरहून जास्त दोरी एका रात्रीत जळून जाते, एकही गोळी न झाडता.

पेडणे फौजेच्या बदल्यात दिले, हे खरे का? — एक वाचक, पेडणे

हो. सावंतवाडीच्या तिसऱ्या खेमसावंताचे कोल्हापूरकरांशी वैर होते. त्यांच्याविरुद्ध पोर्तुगीजांची मदत घेण्यासाठी त्याने 1788 मध्ये पेडणे दिले. डिचोली आणि सत्तरी त्याआधीच, 1781-82 च्या सुमारास गेले होते. उसनी फौज काही महिन्यांत परतते, लिहून दिलेला महाल परत येत नाही.

ही कागदपत्रे स्वतः वाचायची आहेत. सुरुवात कुठून करू? — एक विद्यार्थी, म्हापसा

गोवा पुराभिलेखात ‘मोंसोंइश द रेइनु’ ही लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराची मालिका आहे आणि ‘रेइश व्हिझिन्युश’ ही शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची. शस्त्रांसाठी दुसरीपासून सुरुवात करा. ‘तोफ’ शोधत बसू नका, पुढचे शब्द शोधा : सालित्र म्हणजे सोरा, एन्शोफ्र गंधक, पॉलव्हरा दारू, शुंबु शिसे, मुर्राँव जामगी, बोंबार्देइरु गोलंदाज. नावांचीही ओळख हवी. ‘इदालकाँव’ म्हणजे आदिलशहा. ‘बौंसुलो’ दिसला की सातारा-नागपूरकडे जाऊ नका, तो सावंतवाडीकर भोसले.

वजनात हमखास चूक होते. जुना पोर्तुगीज क्विंताल म्हणजे 4 आरोब, सुमारे 58.75 किलो. आजचा 100 किलोचा क्विंटल धरलात तर शंभर क्विंताल सोऱ्यात चार टनांहून जास्त फरक पडतो.

तारखाही तपासा. पोर्तुगीजांनी 1582 मध्येच नवे (ग्रेगोरियन) पंचांग घेतले, इंग्रजांनी 1752 मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकातले इंग्रज वखारीचे पत्र गोव्याच्या पत्राच्या दहा दिवस मागे चालते. त्यात इंग्रजांचे वर्ष 25 मार्चला सुरू होई. सुरतेच्या पत्रावर 10 फेब्रुवारी 1674 लिहिले असेल, तर गोव्याच्या दप्तरात त्याच दिवशीचा कागद 20 फेब्रुवारी 1675 खाली शोधा.