वाचकांचे प्रश्न : मड टेरेन टायर कोणी घ्यावेत?

प्रश्न : माझ्याकडे फोर बाय फोर डबल केबिन पिकअप असून तिचे मूळ टायर 245/70 R16 मापाचे आहेत. रस्त्यापासून शेतापर्यंतची तीन किलोमीटर पाणंद काळ्या मातीची आहे आणि बाकी रोजचा चाळीसेक किलोमीटरचा प्रवास डांबरी रस्त्याचा. गेल्या पावसाळ्यात हळदीची पोती घेऊन येताना गाडी दोनदा रुतली व ट्रॅक्टर लावून काढावी लागली. टायरवाले 265/75 R16 मापाचे मड टेरेन टायर सुचवत आहेत. ते घ्यावेत का?
– एक शेतकरी, ता. वसमत, जि. हिंगोली

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे की, घेऊ नयेत, निदान त्या मापाचे तर नकोतच.

आधी मातीचे पाहू. मड टेरेन टायरच्या नक्षीतले ठोकळे मोठे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा रुंद व खोल असतात, त्या अशासाठी की चाक वेगाने फिरले म्हणजे खाचेत शिरलेला चिखल बाहेर फेकला जावा आणि ठोकळ्यांच्या कडा पुन्हा जमिनीत रुताव्यात. यातली अट वेगाची आहे. पातळ, रबरबीत चिखलात ती सहज पुरी होते. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती मात्र पाणी पिऊन फुगते आणि पाऊस उघडल्यावर, वापसा येण्याच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत, अशी चिकट होते की बांधावरून चार पावले चालले तरी चपलेखाली मातीचा थर चढतो. भरलेली पिकअप पाणंदीतून बैलगाडीच्या चालीने निघालेली असताना हीच माती खाचांत ठासून बसते. पुढच्या खेपेला गाडी अडकली की खाली उतरून चाकाकडे पाहावे: नक्षी दिसत नसेल आणि चाक भोवताली गुळगुळीत, काळे झाले असेल, तर त्या क्षणी नवा टायर आणि झिजून गेलेला टायर यांत फारसा फरक उरलेला नाही. मग खुरप्याने खाचा मोकळ्या करणे हाच उपाय, मग टायर कितीही महागडा असो.

दुसरी गोष्ट पाणंदीच्या तळाची. चिखलाचा थर वीतभर असून खाली मुरूम असेल, तर अरुंद टायर चिखल कापून मुरुमाला टेकतो आणि पकड धरतो. तिथे रुंद टायर उलट वर तरंगत घसरतो. खाली पुरुषभर काळी मातीच असेल, तर मात्र रुंदी आणि कमी हवा उपयोगी पडते. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल झाल्या असतील की मधल्या उंचवट्यावर डिफरन्शियल (दोन चाकांमधल्या आसावरचा गिअरचा गोळा) टेकते, तर चाके अधांतरी फिरतात आणि कोणताच टायर काही करू शकत नाही. आपली गाडी यांपैकी कशामुळे अडकली, हे पत्रात आलेले नाही. टायर ठरवण्यापूर्वी ते पाहणे आवश्यक आहे.

आता मापाचा हिशेब. 245/70 R16 म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या 70 टक्के आणि रिम 16 इंची. या टायरचा व्यास सुमारे 749 मिलिमीटर भरतो, तर 265/75 R16 चा सुमारे 804. पंचावन्न मिलिमीटरच्या या वाढीतून जमिनीपासूनची उंची तिच्या निम्मी, म्हणजे जेमतेम 27 मिलिमीटर वाढते. त्याच्या मोबदल्यात सर्व गिअर सुमारे सात टक्क्यांनी लांबतात, चढावर भरलेली गाडी जड वाटू लागते, वेगाचा काटा साठ दाखवत असताना गाडी चौसष्टच्या आसपास धावत असते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडफ्लॅपला घासण्याची शक्यता राहते. शिवाय उत्पादकाने मान्य न केलेले माप बसवल्यास मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 नुसार तो गाडीत केलेला बदल ठरू शकतो आणि अपघातानंतर विमा कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. दुकानात ही बाजू सहसा कोणी सांगत नाही.

डांबरी रस्त्यावर, विशेषतः ओल्या, मड टेरेन टायर उणा पडतो. रुंद खाचांमुळे रस्त्याला टेकणारे रबर कमी असते, ठोकळ्यांवरच्या बारीक चिराही थोड्याच असतात, त्यामुळे ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. आपला बहुतेक प्रवास डांबरीवरचा आहे, म्हणून मूळ मापाचेच ऑल टेरेन, म्हणजे डांबरी व कच्चा अशा दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर घ्यावेत, असे मी सुचवेन. घेताना भारांक, म्हणजे टायर किती ओझे पेलतो ते सांगणारा आकडा, पाहावा: 111 म्हणजे एका टायरवर 1090 किलो, 107 म्हणजे 975 किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर पोती वाहणाऱ्या गाडीला घालू नये. मापाआधी ‘एलटी’ (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांसाठीचा) ही अक्षरे असलेला टायर दणकट असतो, परंतु तेवढेच ओझे पेलायला त्याला हवा अधिक लागते. जुन्याच सवयीने हवा भरली तर तो गरम होतो.

गाडी रिकामी असताना पाणंदीत शिरण्यापूर्वी हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवली, तर टायर लांबट पसरतो आणि पकड लक्षणीय वाढते. भरलेल्या गाडीत इतकी उतरवू नये. डांबरीवर येताच ती पुन्हा भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा पंप गाडीत असावा. वर्षातून मोजके दिवसच अडचण येत असेल, तर मागच्या चाकांना लावायच्या लोखंडी साखळ्यांचा जोडही विचारात घ्यावा. जुनी युक्ती आहे, पण चिकट चिखलात साखळी जे करते ते रबराच्या ठोकळ्यांना जमत नाही. मात्र साखळीसह डांबरीवर येऊ नये.

प्रश्न : माझ्या जीपला वर्षापूर्वी मड टेरेन टायर घातले. आता साठच्या पुढे विमानासारखा घरघराट होतो. टायर सदोष आहेत का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बहुधा नाहीत. काही आवाज या नक्षीचाच असतो, पण तो वाढत गेला असेल तर ठोकळे असमान झिजले असावेत. ठोकळ्यावरून तळवा एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवून पाहा; एका दिशेने कड बोचत असेल तर ती तीच झीज होय. दर सात-आठ हजार किलोमीटरला, स्टेपनी त्याच मापाची व नक्षीची असल्यास तिच्यासह, टायरांची अदलाबदल करावी आणि अलाइनमेंट तपासून घ्यावी. एकदा बसलेला आवाज पूर्ण जात नाही, वाढायचा मात्र थांबतो. ओल्या रस्त्यावर हे टायर उशिरा थांबतात, म्हणून आंबोली घाटात पावसाळ्यात उतरताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीपेक्षा बरेच जास्त ठेवावे.

प्रश्न : स्वस्तात मिळणारे, ‘नवे पण जुन्या साठ्यातले’ मड टायर घ्यावेत का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : टायरच्या भिंतीवरील चार आकडी तारीख वाचावी. 3221 म्हणजे 2021 च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. जून 2020 मध्ये टायरांच्या आयातीवर निर्बंध आल्यापासून परदेशी मड टायरांचा असा साठा बाजारात फिरत असतो. आयएसआय चिन्ह नसेल किंवा खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसत असतील, तर किंमत निम्मी असली तरी घेऊ नये.