विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिकन ग्रामीण धाटणीची घरं कशी बांधत? ओंडक्यांची घरं खरंच गरिबांची असत का?

सगळीच नाही. न्यू जर्सीत पार्सिपनीला गुस्ताव स्टिकली या फर्निचरवाल्याचं १९११चं घर आहे, ते अवश्य बघा. आज तिथे संग्रहालय आहे. मुळात हे घर त्याच्या नियोजित शेतीशाळेचं क्लबहाउस म्हणून आखलं होतं, पण शाळा झालीच नाही आणि तो स्वतःच सहकुटुंब तिथे राहिला.

खालचा मजला चेस्टनट या झाडाच्या ओंडक्यांचा. ओंडके दोन बाजूंनी तासून एकावर एक बसवले, फटी सिमेंटने भरल्या. गोलाई आतूनही दिसते. ओंडक्यांवर ना गिलावा ना वॉलपेपर. दगड आणि लाकूड त्याच जमिनीवरचं. दिवाणखाना तब्बल ५० फूट लांब, दोन्ही टोकांना दगडी शेकोट्या आणि त्यांवर ठोकीव तांब्याचे मोठे हुड, म्हणजे धूर वर नेणारी झाकणं. माझ्या मते सगळ्या घराचा जीव त्या हुडांत आहे.

साहित्य लपवायचं नाही, हा स्टिकलीचा आग्रह होता. साधेपणा ही त्याची निवड होती, नाइलाज नव्हे. पुढे १९१५ला त्याचं दिवाळं निघालं आणि १९१७ला ही मालमत्ता विकली गेली. चेस्टनटची जंगलंही बुरशीच्या रोगाने संपली, त्यामुळे तसे ओंडके आता मिळणं जवळपास अशक्यच.